टिंगलीच्या हेतूने उलटे पळू नये

बेसबॉलच्या नियमावलीत एक कलम आहे. रनरने एखादा बेस रीतसर ताब्यात घेतला आणि त्यानंतर समोरच्या संघाला गोंधळात टाकायला किंवा खेळाची टिंगल करायला तो उलट्या दिशेने पळू लागला, तर अंपायरने लगेच खेळ थांबवून त्याला बाद द्यावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कोट्यवधींचा पगार घेणारी धट्टीकट्टी माणसं पुढे पळायचं सोडून मागे पळतील, आणि तेही टिंगल म्हणून, अशी धास्ती कुणाला पडली असेल?

उभी हयात जिल्हा न्यायालयात शिरस्तेदारी करण्यात गेल्यामुळे माझा एक ठाम समज झाला आहे. कलम खुळ्यासारखं दिसलं, की ते कुणा एका माणसासाठी लिहिलेलं असतं. विहिरीवर ‘येथे म्हशी धुऊ नयेत’ अशी पाटी दिसली, तर त्या गावात एक म्हैसवाला होऊन गेलेला असतो. पाटीवर त्याचं नाव नसतं, पण गावाला ठाऊक असतं. तेव्हा मी त्या उलट्या पळणाऱ्याच्या मागावर निघालो, आणि तो सापडला.

आडनाव शेफर, टोपणनाव ‘जर्मनी’. 1911 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनकडून शिकागोविरुद्ध खेळताना हा पहिल्या बेसवर होता आणि त्याचा जोडीदार तिसऱ्यावर. शेफरने दुसऱ्या बेसकडे धूम ठोकली. डाव असा, की कॅचरने त्याला टिपायला चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकावा आणि तेवढ्यात तिसऱ्यावरच्याने होम प्लेट गाठावी. कॅचर पक्का निघाला, त्याने चेंडू फेकलाच नाही. शेफर दुसऱ्यावर सुखरूप पोचला, पण बेत फसला. मग पुढे त्याने काय केलं? दुसऱ्यावरून उलटा पळत तो पहिल्यावर परत आला, पुन्हा तोच डाव टाकायला! बेस चोरणं या खेळात कायदेशीर आहे. पण चोरलेला माल जागेवर ठेवून नव्याने चोरायला निघालेला चोर तोवर कुणी फारसा पाहिला नव्हता. शिकागोचा मॅनेजर तणतणत मैदानात आला. तो अंपायरशी वाद घालतोय, तोवर शेफर पुन्हा दुसऱ्याकडे निघाला. अंपायरने नियमावली उलटीसुलटी चाळली असती, तरी त्यात त्याला काही सापडलं नसतं. मनाई करणारं कलम आलं 1920 साली. शेफर 1919 मध्येच वारला होता. आरोपी गेल्यावर पोचायची कायद्याची खोड तिकडेही आहे म्हणायची.

मी बेसबॉलकडे वळलो तो नाइलाजाने. लेक न्यू जर्सीत असते, उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे जातो. आपलं क्रिकेट तिथे अवेळी लागतं, आणि बेसबॉलचा एकेक संघ हंगामात 162 सामने खेळतो. टीव्ही लावला की कुणी ना कुणी तंबाखू नाहीतर सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा असतोच. जावयांनी पहिल्याच संध्याकाळी सगळा खेळ समजावून दिला. चेंडू आला की मारायचा आणि पळायचं. तीन चुकले की बाद. मी म्हटलं, सोपं आहे.

मग नातीच्या शाळेचा सॉफ्टबॉलचा सामना बघायला गेलो. एका मुलीने बॅट फिरवली, चेंडू हुकला. तिसरा हुकला. आणि ती बॅट टाकून जीव खाऊन पहिल्या बेसकडे पळत सुटली. तिचे आईबाप ‘पळ, पळ’ म्हणून ओरडताहेत. नात बाकावर शेजारीच होती.

‘‘अगं, ती बाद झाली ना?’’

‘‘झाली, पण कॅचरच्या हातातून चेंडू सुटला ना आजोबा. मग पळता येतं.’’

‘‘म्हणजे बाद नाही?’’

‘‘बाद आहे. पण अजून केलेलं नाही.’’

मी सावरून बसलो. निकाल लागलाय पण दरखास्त बाकी आहे, ही भाषा मला समजते. तिसरा स्ट्राइक कॅचरने जमिनीला न लागू देता पकडला, तर काम संपलं. सुटला, तर बॅटरला टॅग करावं, म्हणजे चेंडूने शिवावं लागतं किंवा चेंडू त्याच्याआधी पहिल्या बेसवर पोचवावा लागतो. 1941 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये ब्रुकलिनचा संघ जिंकल्यात जमा होता. शेवटचा बॅटर, तिसरा स्ट्राइक, अंपायरने हात वर केला, आणि चेंडू कॅचर मिकी ओवेन यांच्या ग्लव्हला चाटून मागे गेला. बॅटर टॉमी हेनरिक पहिल्या बेसवर पोचले. त्यानंतर यांकीज संघाने चार धावा काढून सामना खिशात घातला.

पण या पोटकलमालाही एक पोटकलम आहे. पहिला बेस आधीच कुणी अडवलेला असेल आणि दोन बाद झालेले नसतील, तर ही पळायची सवलत नाही. का नाही? नातीला विचारलं तर म्हणाली, ‘‘रूल आहे.’’ मी त्यावर एक अख्खी रात्र काढली आणि पहाटे उलगडलं. सवलत ठेवली असती, तर कॅचरने तिसरा स्ट्राइक मुद्दाम पाडला असता. बॅटर पळतोय म्हटल्यावर पहिल्या बेसवरच्याला जागा सोडावी लागली असती, त्याच्यापुढच्याला त्याच्यामुळे, आणि कॅचरने एका चेंडूत दोघांना गारद केलं असतं. लबाडीने दोन बळी मिळत असतील तर प्रामाणिकपणे एक कोण घेईल? म्हणून आधीच कुंपण घातलं. नियमावलीतली निम्मी कुंपणं याच एका चोरवाटेवर आहेत, हे मला पुढे दिसत गेलं.

आता इनफिल्ड फ्लाय. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला हा नियम विचारला तर तोही आधी खोकतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, एक बाद झालाय. बॅटरने चेंडू सरळ आभाळात उडवला, खाली येईल तो आतल्या फिल्डरच्या डोक्यावर. झेल झाला तर रनरांना आपापल्या बेसवर असावं लागतं, म्हणून ते बिचारे थांबतात. फिल्डर बिलंदर असेल तर झेल घेणारच नाही. चेंडू पायाशी पडू देईल, उचलून तिसऱ्या बेसवर फेकेल, तिथून तो दुसऱ्यावर जाईल. थांबलेले दोघेही मधल्यामध्ये गेले. झेल घेतला तर एक बाद, सोडला तर दोन! ज्याला झेल जमतो त्याने तो सोडावा यासाठी बक्षीस ठेवल्यासारखं झालं. 1890 च्या दशकात याला चाप बसला. अशा वेळी चेंडू हवेत असतानाच अंपायरने मोठ्याने जाहीर करायचं, की बॅटर बाद. मग झेला, पाडा, लोणचं घाला; रनरांवर पळायची सक्ती नाही. आपल्याकडचे लोक या नियमाला हसतात. डकवर्थ-लुईसचा निकाल मुकाट्याने मान्य करणाऱ्या माणसाने इनफिल्ड फ्लायला हसू नये.

याचे अपवाद वाचताना मला गहिवरून आलं. सपाट सणसणीत टोला असेल तर लागू नाही. बंट, म्हणजे बॅट आडवी धरून हलकेच ढकललेला चेंडू असेल तर लागू नाही. पहिला बेस भरलाय पण दुसरा रिकामा, तर लागू नाही. आणि मग ते रत्न: इनफिल्डरला ‘साधारण प्रयत्नात’ झेलता येण्याजोगा चेंडू. कायद्यात ‘साधारण’ शब्द आला, की वकिलांच्या घरी दिवाळी.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. 1975 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात या एकाच नियमावर आठ पानी लेख आला. लेखकाचं नाव नव्हतं. विल्यम स्टीव्हन्स नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. इंग्लंडातला न्याय जसा एकेका खटल्यातून घडत गेला, तसाच हा नियम घडला, असं त्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने सिद्ध केलं. लेखाच्या पहिल्याच शब्दाला तळटीप आहे. तो शब्द आहे इंग्रजीतलं साधं ‘द’, आणि तळटीपेत ऑक्सफर्डच्या शब्दकोशाचा हवाला. थट्टा म्हणून लिहिलेल्या या लेखाचे दाखले पुढे खरोखरच्या न्यायाधीशांनी दिले. मी तो जावयांकडून छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. जावई मधेच उठून भांडी घासायला गेले, एरवी त्यांना डिशवॉशर लागतो.

‘साधारण’ या शब्दाने काय होतं ते 5 ऑक्टोबर 2012 ला अटलांटात दिसलं. अटलांटा ब्रेव्ह्ज विरुद्ध सेंट लुईस कार्डिनल्स, हरेल तो घरी. आठव्या इनिंगला ब्रेव्ह्ज तीन धावांनी मागे, पण दोन रनर बेसवर आणि एकच बाद. सिमन्स यांनी चेंडू उडवला, तो गेला लेफ्ट फिल्डच्या हिरवळीवर, इनफिल्ड सोडून बराच मागे. शॉर्टस्टॉप (हाही इनफिल्डरच) कोझ्मा मागे धावत गेले, चेंडूखाली पोचले, आणि ऐन वेळी मागचा फिल्डर घेईल असं वाटून बाजूला झाले. चेंडू दोघांच्या मध्ये टप्प्. अटलांटात जल्लोष, बेस भरले! आणि पाहतात तो लाइनवरचे अंपायर सॅम होलब्रुक यांचा हात वर. इनफिल्ड फ्लाय. बॅटर बाद.

चेंडू पडला आउटफिल्डमध्ये, नियमाचं नाव इनफिल्ड. प्रेक्षकांनी बाटल्या, डबे, हाताला येईल ते मैदानात फेकलं. खेळ 19 मिनिटं थांबला. पण कलम वाचा. चेंडू कुठे पडला हे त्यात विचारलेलंच नाही. इनफिल्डरला साधारण प्रयत्नात झेलता आला असता का, एवढंच विचारलंय. कोझ्मा चेंडूखाली येऊन उभे होते. ब्रेव्ह्जनी तक्रार नोंदवली, ती फेटाळली गेली, कारण ‘साधारण’ काय हे ठरवणं अंपायरच्या अखत्यारीत येतं आणि अखत्यारीवर अपील नाही. माझ्या मते होलब्रुक बरोबर होते. हे मी अटलांटात बोलणार नाही.

काही वेळा नियम पुस्तकात असतो, पण कुणी पाळत नाही. मग एक दिवस कुणीतरी तो वाचतो. 23 सप्टेंबर 1908, न्यू यॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद. नेहमीच्या खेळाडूची पाठ धरली म्हणून 19 वर्षांचा फ्रेड मर्कल खेळत होता. तो पहिल्या बेसवर, जोडीदार तिसऱ्यावर. पुढच्या बॅटरने चेंडू सेंटर फिल्डमध्ये मारला, तिसऱ्यावरचा धावत होमला आला, सामना जिंकला. लोक मैदानात घुसले. गर्दी बघून मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच कपडे बदलायच्या खोलीकडे वळला. तेव्हा सगळेच वळायचे.

शिकागोचा जॉनी एव्हर्स मात्र नियमावली वाचणारा माणूस. मर्कलला दुसऱ्या बेसवर जाणं भाग होतं. तो पोचायच्या आत चेंडू तिथे पोचला तर तो तिसरा बाद, आणि अशा तिसऱ्या बादावर आलेली धाव धरत नाहीत. याच एव्हर्सने अडीच-तीन आठवडे आधी पिट्सबर्गला याच अंपायरपुढे हाच मुद्दा काढला होता आणि अंपायर हँक ओ’डे यांनी तो मानला नव्हता. पण त्यांच्या डोक्यात तो राहिला असणार. एव्हर्सने चेंडू मागितला. जायंट्सच्या मॅकगिनिटीने म्हणे चेंडू ओळखून गर्दीत भिरकावून दिला. मग एव्हर्सच्या हातात जो चेंडू आला तो तोच, की दुसराच कुठला, यावर आजतागायत एकमत नाही. मुद्देमाल सीलबंद करून न ठेवल्याचा हा परिणाम. ओ’डे यांनी मर्कलला बाद दिलं. मैदानात गर्दी, वर अंधार; सामना बरोबरीत. हंगामाअखेर दोन्ही संघ सारखे, म्हणून तो सामना पुन्हा खेळवावा लागला, तो शिकागोने जिंकला, पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकली. मर्कल त्यानंतर कितीतरी वर्षं उत्तम खेळला, पण लोकांनी त्याला मरेपर्यंत तेवढ्या एका न टाकलेल्या पावलासाठी ओळखलं. शिकागोला त्यानंतरची वर्ल्ड सीरिज मिळाली 2016 मध्ये. ज्याला यात न्याय दिसतो त्याने तो बघावा.

त्याच नियमाची दुसरी बाजू 2021 च्या मे महिन्यात पिट्सबर्गला दिसली, आणि योगायोग असा, की यातही शिकागोचाच माणूस होता. दोन बाद, दुसऱ्या बेसवर रनर. हाव्हिएर बाएस यांनी चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. थ्रो जरा आत आल्याने पहिल्या बेसवरचा विल क्रेग चेंडू घ्यायला बेस सोडून पुढे आला. समोर बाएस. क्रेगने मागे वळून बेसला पाय लावला असता तर इनिंग संपली असती. बाएस उलटे वळले आणि होम प्लेटकडे पळू लागले. आणि क्रेग त्यांच्या मागे लागला! एवढ्यात दुसऱ्यावरून निघालेला रनर होमजवळ आला. क्रेगने घाबरून चेंडू कॅचरला दिला, रनर घसरत आत पोचला, आणि बाएस यांनी स्वतःच अंपायरसारखे हात पसरून त्याला सेफ दिलं. मग ते वळून पहिल्या बेसकडे धावले. तिथे कुणीच नव्हतं.

बघताना मी ओरडलो, ‘‘उलटा पळाला! टिंगल! कलम लावा!’’ पण पुन्हा वाचलं तर ते कलम बेस ताब्यात घेतलेल्या रनरला लागू आहे. बाएस यांच्या ताब्यात अजून बेसच नव्हता. शेफरला बांधलेल्या कुंपणाच्या बाजूने हा माणूस निघून गेला.

पण माझं खरं प्रेम आहे ते 24 जुलै 1983 च्या प्रकरणावर. यांकी स्टेडियम, नववी इनिंग, न्यू यॉर्क एका धावेने पुढे. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेट यांनी दोन धावांचा होमरन मारला. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन शांतपणे चालत अंपायरकडे गेले आणि म्हणाले, बॅट तपासा. बॅटवर पकड घट्ट बसावी म्हणून पाइन टार नावाचा चिकट राळेसारखा पदार्थ लावतात. तो मुठीच्या टोकापासून 18 इंचांपलीकडे लावायचा नाही, असा नियम होता. अंपायर टिम मॅक्लेलँड यांच्याकडे मोजपट्टी नव्हती. त्यांनी बॅट होम प्लेटवर आडवी ठेवली, कारण प्लेटची रुंदी 17 इंच. चिकटा त्याच्या बराच पुढे गेलेला. मॅक्लेलँड यांनी बॅट उगारून ब्रेट यांच्याकडे बोट केलं: बाद. होमरन रद्द, सामना खलास. ब्रेट डगआउटमधून ज्या वेगाने अंपायरवर धावून आले, त्या वेगाने ते कधी बेसवर पळाले असतील असं वाटत नाही. त्या गडबडीत कॅन्सस सिटीच्या गेलॉर्ड पेरी यांनी बॅट उचलून पसार करायचा प्रयत्न केला. चेंडूला थुंकी नि व्हॅसलीन लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना पुराव्याचं महत्त्व ठाऊक असणारच.

तक्रार लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांच्याकडे गेली. त्यांनी निकाल फिरवला. हा नियम का केला? चिकटा लागून चेंडू खराब होतात म्हणून. त्याने चेंडू लांब जातो म्हणून नव्हे. तेव्हा बॅट आधीच बदलायला सांगायची होती; होमरन कायम. नियमाचा हेतू बघा, अक्षर नको, असं सांगणारा असा साहेब आम्हाला कोर्टात क्वचितच मिळाला. यातली गंमत अशी, की चेंडू स्वच्छ राहावा म्हणून हा नियम, आणि त्याच खेळात नवा कोरा चेंडू सामन्याआधी मुद्दाम चिखलाने चोळतात! तुकतुकी जाऊन पकड यावी म्हणून. तो चिखल डेलावेअर नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावरून येतो आणि नेमकी जागा गुप्त ठेवलेली आहे. त्या राज्यात इतकी मराठी मंडळी राहतात, पण अजून कुणाला पत्ता लागलेला नाही.

सामना उरलेल्या चार बादांसाठी 18 ऑगस्टला पुन्हा सुरू करायचा ठरलं. लगेच काही प्रेक्षक न्यायालयात गेले. 18 ऑगस्टलाच खालच्या कोर्टाने मनाई हुकूम दिला आणि त्याच दिवशी वरच्या कोर्टाने तो उठवला. एका दिवसात! आमच्याकडे तेवढ्या वेळात नक्कल अर्जाला नंबर पडत नाही. खेळ सुरू झाला तेव्हा अंपायर नवे होते. मार्टिन यांनी हेच हेरलं होतं. त्यांनी पिचरला सांगितलं, पहिल्या बेसवर चेंडू टाक आणि अपील कर, की होमरनच्या वेळी ब्रेट यांचा पाय बेसला लागला नव्हता. मग दुसऱ्या बेसवरही तेच. क्रिकेटसारखंच इथेही काही गोष्टी मागितल्याशिवाय अंपायर देत नाही. पण मागितल्यावर त्याला उत्तर द्यावं लागतं. हे नवे अंपायर 24 जुलैला तिथे नव्हते, ते काय उत्तर देणार? अंपायरांचे प्रमुख डेव्ह फिलिप्स यांनी खिशात हात घातला आणि एक कागद बाहेर काढला. आधीच्या चारही अंपायरांचं सह्यांनिशी प्रतिज्ञापत्र: रनरांनी सगळ्या बेसना पाय लावलेला आहे.

भर मैदानात प्रतिज्ञापत्र! मी टीव्हीसमोर टाळी वाजवली. हा खेळ कुणीतरी शिरस्तेदाराने घडवलेला असणार. ब्रेट यांची ती बॅट आता कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये काचेत ठेवलेली आहे.

सगळ्याच युक्त्या इतक्या वरच्या कोर्टात जात नाहीत. 1987 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये डेव्ह ब्रेस्नहन नावाच्या कॅचरने सोललेला बटाटा ग्लव्हमध्ये लपवून आणला आणि तो तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून लांब फेकून दिला. चेंडू गेला असं समजून तिसऱ्यावरचा रनर आरामात होमकडे आला. तिथे ब्रेस्नहन खरा चेंडू घेऊन हजर. बटाट्याविषयी नियमावलीत अवाक्षर नाही. अंपायरने चिडून धाव दिली, मॅनेजरने 50 डॉलर दंड केला, क्लबने काढून टाकलं. पुढच्या वर्षी त्याच गावाने समारंभ करून त्याचा 59 नंबर सन्मानाने निवृत्त केला. तिकीट एक डॉलर आणि एक बटाटा. कबुतरांविषयीही कलम नाही. 2001 मध्ये टूसॉनला एका सराव सामन्यात रँडी जॉन्सन यांच्या वेगवान चेंडूच्या वाटेत एक पारवा आला आणि नुसती पिसं उरली. अंपायरने ठरवलं, हा चेंडू टाकलाच गेला नाही असं धरायचं. पारव्याची बाजू कुणी मांडली नाही.

या सगळ्यात अंपायरचं काय होतं, हे पाहायचं तर जिम जॉइस यांच्याकडे पाहावं. 2 जून 2010, डेट्रॉइट. पिचर अरमांडो गालारागा यांनी 26 बॅटर ओळीने बाद केले होते, एकालाही बेसवर पाऊल ठेवू दिलं नव्हतं. सत्ताविसावा गेला की परफेक्ट गेम, जो शतकभरात मोजक्यांना साधला. चेंडू बॅटरच्या आधी पहिल्या बेसवर पोचला, सगळ्या जगाने पाहिलं, आणि जॉइस यांनी हात पसरले: सेफ. सामन्यानंतर त्यांनी चित्रण पाहिलं आणि गालारागा यांच्यासमोर जाऊन रडत कबूल केलं, की माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी संघाची यादी अंपायरकडे द्यायला मुद्दाम गालारागाच आले, आणि जॉइस पुन्हा डोळे पुसत होते. त्याच महिन्यात खेळाडूंच्या पाहणीत सगळ्यांत चांगला अंपायर म्हणून जॉइस यांनाच सर्वाधिक पसंती मिळाली.

आणि 2013 च्या वर्ल्ड सीरिजचा तिसरा सामना. शेवटची इनिंग, बरोबरी. तिसऱ्या बेसवर आलेला थ्रो बाहेर गेला, अडवायला झेपावलेला फिल्डर आडवा पडलेला, होमकडे निघालेला रनर त्याला अडखळून पडला आणि पुढे होमवर चेंडू त्याच्याआधी पोचला. पण तिसऱ्या बेसवरच्या अंपायरने अडखळताच हात दाखवून अडथळा जाहीर केला होता. फिल्डरने मुद्दाम केलं का, हा प्रश्न इथे गैरलागू. वाट अडली की अडथळा. सेंट लुईस जिंकलं. तो अंपायर कोण? जॉइस. या वेळी ते अक्षरशः बरोबर होते, आणि निम्मा देश तरीही त्यांना शिव्या देत झोपला.

भांडायला अर्थात मॅनेजर असतातच. त्यांना अंपायर हाकलून देऊ शकतो. अटलांटाचे बॉबी कॉक्स कारकिर्दीत दीडशेहून अधिक वेळा हाकलले गेले. पण 1999 मध्ये न्यू यॉर्क मेट्सचे बॉबी व्हॅलेंटाइन हाकलले गेल्यावर काळा चष्मा आणि डोळ्यांखाली लावायच्या काळ्या पट्ट्यांची मिशी चिकटवून पुन्हा डगआउटमध्ये येऊन उभे राहिले. पाच हजार डॉलर दंड आणि दोन सामन्यांची बंदी. आमच्या सौ.ला बेसबॉलमधला हा एवढा एकच प्रसंग पटलेला आहे.

आता 2026 च्या हंगामापासून यंत्र आलंय. चेंडू ठरलेल्या चौकटीतून आला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल) हे अजून अंपायरच सांगतो, पण पिचर, कॅचर किंवा बॅटर यांना ते पटलं नाही तर डोक्यावर टपली मारून दाद मागता येते. प्रत्येक संघाला अशा दोन संधी. बरोबर ठरलात तर संधी शाबूत राहते. मॅनेजरला हा हक्क नाही, हे फार चांगलं केलं. कॅमेरे आपल्या ओळखीच्या हॉकआयचे. स्ट्राइकची चौकट यंत्र बॅटरच्या उंचीवरून काढतं: वरची कड उंचीच्या साडेत्रेपन्न टक्क्यांवर, खालची सत्तावीस टक्क्यांवर. म्हणजे उंच माणसाला मोठी चौकट आणि बुटक्याला छोटी. लग्नाच्या बाजारात दोन इंच वाढवून सांगणारी पुरुषजात पहिल्यांदाच उंची कमी लिहून घ्या म्हणून हटून बसेल.

ही कल्पना ज्याला पंचाहत्तर वर्षं आधी सुचली तो बिल वीक, सेंट लुईस ब्राउन्सचा मालक. 19 ऑगस्ट 1951 ला त्याने एडी गेडेल नावाच्या 3 फूट 7 इंच उंचीच्या गृहस्थांना बॅटिंगला पाठवलं. पाठीवर नंबर एक अष्टमांश. अंपायर एड हर्ली यांनी हरकत घेतली, तर मॅनेजरने खिशातून रीतसर करारपत्र काढून दाखवलं. पुन्हा कागद! गेडेल ओणवे उभे राहिले, पिचरने टाकलेले चारही चेंडू डोक्यावरून गेले, चार बॉल झाले की पहिला बेस फुकट मिळतो म्हणून ते चालत तिथे गेले आणि बदली रनर आला. दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी तो करार रद्द केला. ओणवं राहिल्यावर गेडेल यांची स्ट्राइकची चौकट जेमतेम दीड इंच उरते असं आपण मोजून ठेवलं होतं, असं वीकनेच सांगितलंय.

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. नवं यंत्र ओणवं-बिणवं बघत नाही, ताठ उभ्याची उंची धरतं. 43 इंचांवर चौकट येते जवळजवळ साडेअकरा इंच. वीक असता तर त्याने अर्ज केला असता, की मोजमापाच्या दिवशी गेडेल यांची कंबर धरलेली होती, सबब ताठ उभं राहणं शक्य नव्हतं, सोबत डॉक्टरांचा दाखला. मी तो दाखल करून घेतला असता. कोर्ट फी स्टॅम्प तेवढा लावायला सांगितला असता.